बेस्टची डिझेल डबलडेकर: निवृत्ती योग्य होती का, आणि एक तरी चालू ठेवता येईल का?

चाकोरी (धागाकर्ता)

१५ सप्टेंबर २०२३ ला आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर बेस्टची शेवटची साधी, डिझेलवर चालणारी दुमजली बस धावली. उघड्या छताच्या पर्यटन बसगाड्या त्यानंतर ५ ऑक्टोबरपर्यंत टिकल्या. मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली होती, म्हणजे ८६ वर्षांचा प्रवास संपला. तिची जागा घेणारी विजेवरची वातानुकूलित दुमजली त्याच वर्षी फेब्रुवारीत रस्त्यावर आली होती.

या बसच्या आठवणींवर खूप लिहून झालं आहे. इथे फक्त यंत्र, नियम आणि हिशेब यांवर बोलूया. माझे प्रश्न तीन. जुनी बस काढणं खरंच अटळ होतं का? नवी बस जुनीचं काम तेवढ्याच ताकदीनं करते का? आणि एक गाडी चालू स्थितीत जपायची ठरवली, तर प्रत्यक्षात काय काय करावं लागेल? माझं मत आधीच सांगतो: गाड्या काढल्या याचं मला दुःख नाही. एकही गाडी धावती ठेवण्याची तजवीज वेळेत झाली नाही, याचं आहे.

कलम_बावन्न

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५२-अ हा नियम आला आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. सरकार, महापालिका, परिवहन उपक्रम यांच्या मालकीच्या वाहनाची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षांनी संपते, मुदतवाढ नाही. विल्हेवाटही नोंदणीकृत भंगार केंद्रातूनच लावायची. गाडी किती छान चालते, फिटनेस चाचणी पास होते का, याला मग काही अर्थ उरत नाही. शेवटच्या डबलडेकरांची पंधरा वर्षं भरली होती. त्या वर्षी कोणी कितीही निवेदनं दिली असती तरी त्यांना रस्त्यावर ठेवता आलं नसतं.

डबलबेल

कलम_बावन्न यांचं म्हणणं शेवटच्या गाड्यांपुरतं बरोबर आहे. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ताफ्यात सुमारे ९०० दुमजली होत्या. त्या शे-सव्वाशेपर्यंत घसरल्या त्या ५२-अ येण्याच्या कितीतरी आधी. जुन्या काढल्या जात होत्या आणि बदली नव्या घेतल्या जात नव्हत्या. त्यामागचं मोठं कारण म्हणजे माणसं. एका गाडीला एक चालक आणि दोन वाहक, खाली एक आणि वर एक.

ज्यांनी घंटेचा व्यवहार कधी नीट पाहिला नाही त्यांच्यासाठी: एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. पण दुमजलीत 'चला' म्हणण्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. दाराशी कोणी लटकलेलं नाही ना, आणि जिन्यावर कोणी मधोमध नाही ना. दार खालच्या वाहकाला दिसतं, जिन्याचा वरचा अर्धा भाग वरच्याला. जिन्यावर माणूस असताना गाडीनं हिसका दिला तर तो थेट खाली येतो. म्हणून दुसरा वाहक केवळ तिकिटं फाडायला असतो असं समजून हिशेब मांडला की तो चुकतो.

त्रैराशिक

हिशेब मांडूनच बघू. दुमजलीत ६६ आसनं धरा, कर्मचारी तीन: माणशी २२ आसनं. साध्या १२ मीटर बसमध्ये ४० धरा, कर्मचारी दोन: माणशी २०. म्हणजे गाडी भरलेली असताना दुमजली महाग नाही, उलट थोडी स्वस्तच. तोटा होतो दुपारी १२ ते ४. वरचा मजला रिकामा असतो, तरी वाहकाचा पगार, इंजिनचं डिझेल आणि वरचं दोन-तीन टन लोखंड वाहून न्यायचं चालूच.

खरी स्पर्धा १२ मीटरवालीशी नव्हतीच. भाडेकराराच्या, किलोमीटरवर पैसे मोजायच्या छोट्या बस आल्या आणि काही मार्गांवर त्या वाहकाशिवाय धावू लागल्या. २५ आसनं, एक कर्मचारी: माणशी २५. या आकड्यापुढे डबलडेकर हरली. पण ६६ माणसं न्यायला तशा पावणेतीन गाड्या लागतात आणि त्या रस्त्यावर पावणेतीन गाड्यांची जागा अडवतात. तो खर्च परिवहन उपक्रमाच्या वहीत दिसत नाही. सगळं शहर तो वेळेच्या रूपात भरतं.

खिडकीवाली

+१. शेवटची दोन वाक्यं दर अर्थसंकल्पाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवावीत अशी आहेत.

स्टेपनी

यांत्रिक बाजू लिहितो. इंजिन हा या गाड्यांचा कमकुवत दुवा कधीच नव्हता. सहा सिलिंडरचं लेलँड घराण्यातलं डिझेल इंजिन, त्याचे लायनर, पिस्टन, बेअरिंग ट्रकच्या बाजारात आजही मिळतात. म्हातारपण येतं ते सांगाड्याला.

वरच्या मजल्याच्या तळाला जिन्यासाठी मोठं भोक पाडलेलं असतं. त्या भोकाच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो आणि पहिल्या चिरा तिथेच पडतात. वेल्डिंग करून चीर बुजवली तर ती चार इंच पुढे पुन्हा उघडते. योग्य पद्धत अशी: चिरेच्या टोकाला बारीक छिद्र पाडून तिची वाढ थांबवायची, मग वेल्डिंग, मग कोपऱ्यावर गोलाई दिलेली जोडपट्टी. काटकोनातली पट्टी लावली तर पट्टीच्या कडेनं नवी चीर जाते.

दुसरं दुखणं डावीकडे झुकण्याचं. रस्त्याचा उतार डावीकडे, चढणारी गर्दी डावीकडे. मागचे डावे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आधी बसतात. सपाट जमिनीवर रिकामी गाडी उभी करून दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्यापासून चाककमानीपर्यंतचं अंतर मोजायचं. फरक २५ मिमीच्या वर गेला की नुसता एक पाटा बदलून भागत नाही, दोन्ही बाजूंचे संच जोडीनं बदलावे लागतात.

तिसरं, खाऱ्या हवेतला गंज. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पोलादी सांगाडा जिथे एकमेकांना टेकतात तिथे पाणी शिरलं की पांढरी भुकटी धरते आणि पत्रा रिबिटीभोवती फुगतो. बाहेरून रंगाचा फोड दिसतो तेव्हा आत पत्रा गेलेला असतो.

मध्यबिंदू

स्टेपनींनी झुकण्याचा विषय काढलाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. डबलडेकर वळणावर उलटेल अशी भीती बऱ्याच लोकांना वाटते. दुमजली बसची स्थिरता तपासताना वरच्या मजल्यावर पूर्ण प्रवासी भार ठेवतात, खाली प्रवासी भार ठेवत नाहीत, आणि २८ अंशांपर्यंत कलवून बघतात. सगळ्यात वाईट स्थितीच मुद्दाम निवडलेली असते. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, टाकी हे सगळं जड सामान तळाशी, वरचा सांगाडा जमेल तेवढा हलका, म्हणून जमतं. वरच्या मजल्यावर उभं राहू न देण्याचं कारणही हेच. उभा माणूस वस्तुमानाचा मध्य वर नेतो आणि वळणावर एका बाजूला रेलतो. विजेवरच्या गाडीत बॅटरी खाली बसवली तर स्थिरता आणखी सुधारते.

शीतल_वारा

स्थिरता सुधारली, पण वारा गेला त्याचं काय? वरच्या मजल्यावरची पुढची सीट आणि समोरची उघडी खिडकी हीच तर गाडीची शान होती. आता काच बंद.

खिडकीवाली

शीतल_वारा, नुसत्या शानेचा प्रश्न नाही, तो हवेशीरपणाचाही आहे. लंडनचं उदाहरण घ्या. तिथे २०१२ साली नवी रूटमास्टर ही दुमजली बस आणली. वातानुकूलन आहे म्हणून खिडक्या न उघडणाऱ्या ठेवल्या. वरचा मजला उन्हाळ्यात इतका तापू लागला की २०१५ पासून उघडणाऱ्या खिडक्या बसवायची वेळ आली. छतावर थेट ऊन, समोर मोठी काच आणि खालची गरम हवा जिन्यानं वर. दुमजली गाडीत जिना हेच धुराडं होतं. मुंबईत मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलं तर वरच्या प्रवाशांना खाली उतरण्याशिवाय मार्ग नाही. निदान दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खिडक्यांच्या वरच्या पट्ट्या सरकत्या असायला हव्यात.

किलोवॅट

विजेच्या हिशेबातही वातानुकूलन महत्त्वाचं आहे. मुंबईत आलेल्या स्विच ईआयव्ही २२ ची बॅटरी २३१ किलोवॅट-तासांची, आणि कंपनी पल्ला २५० किमीपर्यंत सांगते. म्हणजे किलोमीटरला ०.९२ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास). आता शहरातली स्थिती धरा. बॅटरी शून्यापर्यंत उतरवत नाहीत, ८५ टक्के वापर धरला तर १९६ युनिट हातात. वातानुकूलन सरासरी १० किलोवॅट खातं असं धरा. गाडी ताशी २० किमीनं गेली तर किलोमीटरमागे अर्धं युनिट. वाहतूक कोंडीत ताशी १२ किमीवर आली तर ०.८३ युनिट. गाडी जितकी हळू, तितकं वातानुकूलन महाग. चालवायला ०.९ आणि थंडाव्याला अर्धं धरलं, तर १९६ भागिले १.४, म्हणजे १४० किमी. पूर्ण दिवसाच्या फेऱ्यांना हे अपुरं पडतं. दुपारी गर्दी कमी असताना तासभर आगारात चार्जिंग हवंच. त्रैराशिक यांनी जो १२ ते ४ चा रिकामा वेळ दाखवला, तोच चार्जिंगला वापरावा. डिझेल गाडीचा तोट्याचा वेळ विजेवरच्या गाडीच्या कामी येतो.

डबलबेल

किलोवॅट, उत्तम मांडणी. एक भर: नव्या गाडीला दोन जिने आहेत, जुनीला एक होता. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे थांब्यावरचा वेळ वाचतो. दुमजली बसवरचा सगळ्यात जुना आक्षेप थांब्यावर फार वेळ खाते हाच होता. इथे नवी गाडी निर्विवाद सरस आहे.

पायरी_पायरी

जिने दोन झाले तरी जिनाच तो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खालच्या मजल्यावर किती आसनं उरतात हे मोजा. दुसरा जिना खालच्या मजल्यावरची चार-पाच आसनांची जागा खातो. जुन्या गाडीत इंजिन पुढे, त्याचा दांडा तळाखालून मागच्या ॲक्सलपर्यंत जायचा, म्हणून तळ उंच आणि पहिली पायरी गुडघ्याएवढी. तिच्या प्रेमात असणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. लंडननं मूळ रूटमास्टर ९ डिसेंबर २००५ ला नियमित सेवेतून काढली त्यामागे हेच मोठं कारण होतं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला त्या गाडीत शिरताच येत नव्हतं.

मध्यबिंदू

पूर्ण सहमत. आजीला जिना नको आणि नातवाला जिनाच हवा, असं ते गणित आहे. खालची आसनं ज्येष्ठांना राखून ठेवणं हाच तोडगा.

चाकोरी

पहिल्या दोन प्रश्नांवर मनासारखी चर्चा झाली, आभार. आता तिसरा. बेस्टची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. पुढे मुंबईकरांना ट्राम कशी होती हे दाखवायचं ठरलं तेव्हा सीएसएमटीसमोरच्या भाटिया बागेत ठेवायला डबा कोलकात्याहून आणावा लागला. १९६७ ची जोडदुमजली, म्हणजे पुढे ओढणारा ट्रॅक्टर आणि मागे दुमजली डबा, तीही रस्त्यावरून नाहीशी झाली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून विचारतो आहे.

कलम_बावन्न

कायद्याची अडचण आधी समजून घ्या. २०२१ साली जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले. ५० वर्षांहून जुनं वाहन, 'व्हीए' अक्षरांची पाटी, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढे नूतनीकरणाला ५,०००. पण ते नियम खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींपुरते आहेत. प्रवासी बस त्यात बसत नाही. म्हणजे आज तरी जपलेली बस सार्वजनिक रस्त्यावर आणायला मार्ग नाही. आगाराच्या किंवा संग्रहालयाच्या कुंपणाआड चालवणं एवढंच शक्य. नियमात 'परिवहन वारसा वाहन' असा वर्ग यायला हवा: वर्षातून ठरावीक दिवस, ठरावीक मार्ग, भाडं न घेता.

स्टेपनी

कुंपणाआड का होईना, गाडी जिवंत ठेवता येते. पण 'आठवड्यातून एकदा सुरू करून दहा मिनिटं उभी ठेवली' म्हणजे गाडी जपली असं होत नाही. त्यानं ती मरते. थंड इंजिन नुसतं भुरभुरत ठेवलं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदाच काढा, पण पाण्याचा काटा ८० अंशांवर स्थिर होईपर्यंत चालवा, आणि नंतर अर्धा तास तरी फेऱ्या मारा. सगळे गिअर पडले पाहिजेत, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरलं पाहिजे.

उभी करताना तेल आधी बदला, नंतर नव्हे. वापरलेल्या तेलात आम्ल असतं आणि ते बेअरिंगवर बसून राहतं. डिझेलची टाकी जवळजवळ भरून ठेवा, रिकाम्या जागेत पावसाळ्यात दव धरतं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर शेवाळासारखा काळा गाळ वाढतो. शीतक अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल. मुंबईत बर्फ पडत नाही, ते गंज रोखण्यासाठी लागतं. दर दोन वर्षांनी बदला.

ब्रेकच्या हवेच्या टाक्यांचे नळ प्रत्येक फेरीनंतर उघडून पाणी काढा. दाब ७ बारपर्यंत भरून इंजिन बंद करा आणि काटा बघत दहा मिनिटं थांबा. काटा डोळ्यांना दिसेल असा उतरला तर साबणाच्या पाण्यानं प्रत्येक जोड तपासा. गुन्हेगार बहुतेक वेळा ब्रेक चेंबरचा पडदा नाही तर कडक झालेली रबरी नळी असते. पार्किंग ब्रेक लावून महिनोन्‌महिने उभी केली तर लायनिंग ड्रमला चिकटतं. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि ब्रेक सोडून ठेवा. स्प्रिंगचा ब्रेक असेल तर चेंबरचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळा. ब्रेक समायोजन: ड्रम अडकेपर्यंत आवळायचं, मग पाव ते अर्धा फेरा सैल.

टायरवर वजन ठेवू नका. ॲक्सलखाली घोडे (लोखंडी आधार) लावा, सांगाड्याखाली नाही, नाहीतर पाटे लोंबकळतात. टायर घासला नाही म्हणून चांगला असं नसतं. कडेवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष.

काच_आणि_चौकट

स्टेपनींच्या यादीत मला सगळ्यात वर टाकावीशी वाटणारी गोष्ट राहिली: काचा. इंजिन बाजारात मिळतं, वरच्या मजल्याची पुढची काच मिळत नाही. टफन्ड (उष्णतेनं कडक केलेली) काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोकसुद्धा पाडता येत नाही, लगेच चुरा होतो. म्हणून मूळ काच शाबूत असतानाच तिचा प्लायवूडचा साचा काढून ठेवायचा, जाडी, कडेची गोलाई आणि रबरी पट्टीचा छेद कागदावर उतरवायचा. सपाट काच असेल तर त्याच साच्यावरून लॅमिनेटेड काच पुढे केव्हाही कापून घेता येते. रबरी पट्टी मात्र आत्ताच जादा घेऊन, फ्रेंच चॉक (शंखजिऱ्याची पूड) लावून, अंधारात गुंडाळून ठेवा.

रंगारी

रंगाबद्दल. 'बेस्टचा लाल' म्हणून दुकानातला कुठलाही लाल चालत नाही. उन्हानं उडालेल्या बाहेरच्या पत्र्यावरून नमुना घेऊ नका. मार्गफलकाच्या पेटीमागे किंवा दाराच्या चौकटीच्या आत मूळ रंग सापडतो, तिथून घ्या. खालचा पत्रा बदलताना पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये झिंक क्रोमेटचा थर द्यायचाच, म्हणजे स्टेपनींनी सांगितलेली पांढरी भुकटी धरत नाही. समोरचा मराठी आकड्यांचा मार्गक्रमांक स्टिकरनं करू नये. त्या आकड्यांचं वळण वेगळं होतं. एखादी मूळ पाटी मिळाली तर तिच्यावर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घ्या आणि तसाच रंगवा.

पायरी_पायरी

एवढा खर्च एका गाडीवर करण्यापेक्षा तेच पैसे थांब्यांवरच्या बाकांना आणि छपरांना लावले तर जास्त लोकांचं भलं होईल. गाडी उभी ठेवा संग्रहालयात, चालवायची कशाला?

स्टेपनी

पायरी_पायरी, थांबे सुधारावेत याबद्दल दुमत नाही. पण उभी गाडी पाच पावसाळ्यांत सांगाडा होते. चालती गाडी दर महिन्याला कोणीतरी हात लावून तपासतो, गळती लगेच दिसते. शिवाय ही गाडी दुरुस्त करू शकणारे हात आत्ता आहेत. ते निवृत्त झाले की जिन्याच्या कोपऱ्यावरची चीर कशी थांबवायची हे कोणाला विचारायचं? लंडनच्या रूटमास्टर हजाराहून जास्त आजही टिकल्या आहेत. २,८७६ गाड्या एकाच नमुन्यावर बनल्या, सुटे भाग एकीचे दुसरीला बसतात आणि सेवेतून काढतानाच भागांचा साठा जपणाऱ्यांकडे गेला. आपल्याकडे एक गाडी जपायची तर दुसरी भागांसाठी सोडवून घेतली पाहिजे. तिच्यातून काचा, दारं, जिन्याचे दांडे, स्टिअरिंग बॉक्स, डिफरन्शियल आणि घंटेची तार एवढं काढून घ्या, बाकी जाऊ द्या.

पायरी_पायरी

हात निवृत्त होतात हा मुद्दा पटला. मग निदान ती दुरुस्ती शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणाचा भाग करा, म्हणजे पैसे दोन्हीकडे लागतील.

चाकोरी

हे फारच चांगलं सुचवलंत. एक शेवटची शंका, नव्या गाड्यांसाठी: झाडांच्या फांद्या. एखाद्या मार्गावर पुष्कळ वर्षांनी दुमजली परत आणायची तर उंचीची तपासणी कशी करतात?

डबलबेल

नियमानं दुमजलीची उंची ४.७५ मीटरपर्यंत. जीपच्या पुढे ५ मीटरचा बांबू उभा बांधून डाव्या मार्गिकेतून अगदी कडेनं, थांब्याच्या खाचेत आत शिरून मार्ग फिरायचा. मधल्या मार्गिकेतून मोजलं तर उपयोग नाही, फांदी लागते ती थांब्यावर. मोजणी एकदा मे अखेरीस आणि एकदा ऑगस्टच्या मध्यावर, कारण पावसात पानांच्या वजनानं फांदी फूटभर खाली येते. दुसऱ्या फेरीत गणेशोत्सवाच्या कमानी आणि आडव्या तारांचीही नोंद होऊन जाते. जिथे बांबू लागेल तिथली वरच्या डाव्या कोपऱ्यातली काच आधी फुटणार, म्हणून काच_आणि_चौकट यांनी सांगितलेला साचा नव्या गाडीचाही आजच काढून ठेवा.